आदर करायचा, पण कोणाच्या श्रद्धेचा?

आमच्या घरात माळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकादशी मी धरते, जमेल तेव्हा आषाढीला पायी जाते. बहुधा त्यामुळेच हा प्रश्न मला जरा तक्रारीच्या सुरात विचारला जातो: "ताई, तुम्ही स्वतः माळकरी, मग लोकांच्या श्रद्धेवर बोट का ठेवता? श्रद्धा म्हटली की आदर करायलाच हवा ना?" तुम्ही परत विचारलंत, म्हणून या वेळी नीट लिहिते.

पंढरपूरचंच घ्या. महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्याच्या तोंडी विठ्ठलाशिवाय दुसरं नाव नव्हतं, त्याला अस्पृश्य मानलेल्या जातीतला म्हणून जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आलं नाही आणि मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेर. पुढे शतकानुशतकं त्यांच्या जातीचे वारकरी तिथपर्यंत यायचे, समाधीवर डोकं टेकायचे, कळसाला हात जोडायचे आणि मागे फिरायचे. इतके कोस चालून आलेल्या माणसाला विठोबा दिसायचाच नाही. हे आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. चुकीच्या माहितीवरून गांधीजींनी उपोषण सोडायला सांगितलं, तरी गुरुजी हलले नाहीत. 10 मे रोजी मागणी मान्य झाली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की देव बाटेल, धर्म बुडेल. ते ढोंग करत होते असं मी म्हणणार नाही. त्यांतल्या पुष्कळांना मनापासून तसंच वाटत होतं.

म्हणजे त्या दिवसांत एकाच विठ्ठलावरच्या दोन श्रद्धा समोरासमोर उभ्या होत्या. विटाळ होऊ नये ही एक, आणि पायांवर डोकं ठेवायला मिळावं ही दुसरी. न विचारता आदर करायचा, तर यांतल्या कोणत्या श्रद्धेचा? दोन्हींचा एकदम करता येत नाही. दार एक तर उघडं राहतं, नाही तर बंद. आणि कोणी काहीच विचारलं नाही, तर किल्ली ज्याच्या कनवटीला आहे त्याचीच श्रद्धा चालते. बाहेर उभा असलेल्याची श्रद्धा कोणी मोजतसुद्धा नाही. सरसकट आदराला माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. तो देवापर्यंत पोचत नाही, वाटेत विश्वस्त, पुजारी, मुल्ला, पंच यांच्याकडेच राहतो.

हे फक्त हिंदूंबद्दल नाही. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. फक्त सात जणी! त्या काळात, त्या समाजातून, रस्त्यावर यायला काय धाडस लागलं असेल! त्यांनाही हेच ऐकावं लागलं की हा धर्माचा प्रश्न आहे, यात पडू नका. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी. मधल्या एकावन्न वर्षांत ज्या बायका एका वाक्यासरशी घराबाहेर पडल्या, त्यांनी कोणाच्या श्रद्धेच्या आदराची किंमत मोजली? 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा आणि हाजी अलीच्या मजारीचा प्रश्न काही महिन्यांच्या अंतराने मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. धर्म दोन, पण आत यायचं नाही असं सांगितलं जात होतं ते दोन्हीकडे बाईलाच.

संविधानाचं पंचविसावं कलम मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचते. त्यात स्वातंत्र्य दिलंय ते माणसाला, प्रत्येकाला सारखं. तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्याच कलमात हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा आहे. एखादी समजूत जुनी आहे म्हणून तिला प्रश्न विचारू नये, असं त्यात कुठेही नाही.

टिंगल मात्र मला सहन होत नाही. कोणाच्या देव्हाऱ्याकडे बघून हसणं, कोणाच्या नमाजाची नक्कल करणं, यात विचार कसला? कोणाच्या घरी गेले तर मी चपला बाहेर काढते, प्रसाद दोन्ही हातांनी घेते. तो मान त्या घरातल्या माणसांचा. पण त्याच घरात सुनेच्या केसांत जट झाली आणि "देवी आलीय, कापायची नाही" म्हणून ती मान दुखत, डोकं खाजत दिवस काढत असेल, तर मी तिच्याशी बोलणार. सासूबाईंना वाईट वाटलं तरी बोलणार. भावना सासूबाईंना आहेत तशा सुनेलाही आहेत, शिवाय मान तिची दुखतेय.

डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. भावना दुखावतात म्हणून त्याला विरोध होत राहिला, आणि त्यात काही वारकरी मंडळीही होती, हे मला फार लागतं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एका माणसाचा जीव गेला तेव्हा कुठे विधिमंडळ हललं.

प्रश्न आधी आपल्या घरात विचारावा, असं मला वाटतं. दलवाईंनी तेच केलं, गुरुजींनीही. पंढरपुरात जातीजातीचे मठ आणि धर्मशाळा आजही आहेत. विठ्ठलाच्या दारात सगळे सारखे, मग उतरायच्या जागा वेगळ्या का, असं मी मुक्कामी बसलेल्यांना विचारते. काही जण विचारात पडतात. काहींना राग येतो, "माउली, श्रद्धेचा विषय आहे" म्हणतात. मी त्यांच्या पाया पडते, तेही माझ्या पडतात, आणि मी तोच प्रश्न परत विचारते.