पलीकडून चालायचं

लेकीला शाळेत सोडायला आम्ही जात नाही. इथे उत्सुनोमियात, टोकियोच्या उत्तरेला, प्राथमिकची मुलं घोळक्याने चालत जातात. पुढे सहावीतली ताई, मागे पिवळ्या टोप्यांतली पहिलीची पिलं. वाटही शाळेशी ठरलेली.

पहिलीत घातलं तेव्हा ती वाट मी लेकीला आधी चालवून आणली. मी आपली सिग्नल आणि वळणं दाखवतेय, तर सोबत आलेल्या शेजारच्या आजी एका कुंपणापाशी थांबल्या. "हे आलं की पलीकडून चालायचं."

कुंपण ओया दगडाचं. हा इथलाच दगड, ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ, कापायला सोपा. जुन्या गोदामांना, कुंपणांना सगळीकडे तोच. टोकियोचं जुनं इम्पीरियल हॉटेलही याच दगडाने सजलेलं. १ सप्टेंबर १९२३ला, ऐन उद्घाटनाच्या दिवशी, मोठा भूकंप झाला, तरी ते उभं राहिलं. पण ते अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटसाहेबांचं काम! गल्लीतल्या जुन्या कुंपणांत नुसता दगडावर दगड, आत सळई नाही. २०११च्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपात अशी कितीतरी रस्त्यावर आली, आजींनी सांगितलं.

१९७८च्या, ईशान्य जपानमधल्या मियागीच्या भूकंपात २८ माणसं गेली, त्यांतली १८ कुंपणं वगैरे अंगावर पडून. मग १९८१मध्ये नियम कडक झाले. ब्लॉकचं कुंपण २.२ मीटरपर्यंतच, आत सळ्या हव्यात. दगडाचं तर १.२ मीटरच. तरीही १८ जून २०१८ला, सकाळी ७:५८च्या भूकंपात, ओसाकाजवळच्या ताकात्सुकीत शाळेला निघालेली नऊ वर्षांची मुलगी भिंतीखाली गेली. साडेतीन मीटरची ती भिंत खुद्द शाळेच्याच पोहण्याच्या तलावाची होती. मला हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यानंतर देशभर शाळांच्या भिंती तपासल्या गेल्या. धोक्याचं कुंपण पाडायला अनेक नगरपालिका पैसेही देतात.

आमच्या वाटेवरच्या आजोबांनी गेल्या वर्षी वरचे थर उतरवून जाळी लावली. आता त्यांचं 'काकी'चं, म्हणजे पर्सिमन या फळाचं, झाड रस्त्यावरून दिसतं.

ऑगस्टच्या सुट्टीत औशाला गेलो. किल्लारी तिथून जवळच. माळवदाखालच्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी १९९३ साली काय केलं, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तरी जुन्या वाड्यांच्या भिंतींना खेटूनच सगळे चालतात. आमची कार्टी मात्र गल्लीच्या मधोमध.

"कडंनं चाल गं बाई," आई ओरडली, "मोटारसायकली येतेत!"