मुठीने खाल्लेली पाती

सुऱ्या-चाकूंना धार लावणे आणि त्यांच्या मुठी बदलणे हा माझा गेल्या बावीस वर्षांचा व्यवसाय आहे. पुण्यात रविवार पेठेतील माझ्या गाळ्यात येणारे गिऱ्हाईक पात्याबद्दल भरभरून बोलते, पोलाद कोणते, पाणी कसे दिले आहे, धार किती दिवस टिकेल असे सगळे विचारते आणि मुठीचा विषय निघाला की ‘काहीही चालेल, फक्त घट्ट बसवा’ म्हणून मोकळे होते. मूठ बिघडली की ती पात्यालाही सोबत घेऊन बुडते, असे मी त्यांना नेहमी ऐकवत असे. ते अक्षरशः खरे असल्याचे मात्र मला गेल्या वर्षी, खंडेनवमीच्या दोन दिवस आधी, प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

त्या सकाळी माझ्या हातात एका शेफची जपानी सुरी होती. होनोकी या मॅग्नोलियाच्या जातीतील हलक्या लाकडाची मूठ आणि तिच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाचे काळे कडे, ही अशा सुऱ्यांची जुनी रीत आहे. लाकूड हलके असल्यामुळे तोल पात्याकडे राहतो आणि ओल्या हातातही मूठ सटकत नाही. मात्र ही सुरी कोणीतरी रात्रभर मोरीतल्या पाण्यात ठेवली होती आणि शिंगाचे कडे तडकले होते. शिंग म्हणजे आपल्या नखाकेसांचेच द्रव्य. ते पाणी पिते, सुकते, आक्रसते आणि शेवटी चिरते. मी नवे कडे घासत असताना सत्तरीचे एक गृहस्थ बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले.

डब्यात अकरा घडीचे चाकू होते. त्यांचे वडील मुंबई बंदरात नोकरीला होते आणि बोटींवरील लोकांकडून त्यांनी ते एकेक करून जमवले होते. काका दरवर्षी खंडेनवमीला डबा उघडत, प्रत्येक पात्याला शिलाई मशीनचे तेल लावत, हळदकुंकू वाहत आणि चाकू पुन्हा मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. त्या वर्षी डबा उघडला तर पाच चाकूंवर दाट, विटकरी रंगाचा गंज चढला होता आणि उरलेले सहा लखलखीत होते. ‘तेल सगळ्यांना एकाच बाटलीतले लावले, मग हा दुजाभाव कसला?’ असे त्यांनी मला विचारले. त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न होता, तो त्यांनी जरा आवाज उतरवून विचारला. त्यांतील एका चाकूची मूठ पिवळसर पांढरी होती; ती हस्तिदंताची असून तिला चांगली किंमत येईल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

मी त्यांना आधीच स्पष्ट केले की ती हस्तिदंताची निघाली तर तिचा एक पैसाही येणार नाही आणि मी तिला हातही लावणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही १९९१ मध्ये. इंग्लंडमधील शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकूंच्या कारखान्यात एके काळी हस्तिदंताचा प्रचंड साठा असे आणि तिथल्या चाकूंच्या मुठींसाठी तो कापला जाई; तो काळ संपला हे चांगलेच झाले. याच डब्यात सांबरशिंगाच्या मुठीचाही एक चाकू होता. आपल्याकडची सांबरशिंगे शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांना अनेक वर्षे पुरवली जात. तीही निर्यात पुढे बंद झाली. त्या चाकूचे पाते स्वच्छ करून देईन, पण मूठ बदलणार नाही आणि विकत घेणार नाही, हेही मी सांगून टाकले.

आता पांढऱ्या मुठीची पारख करायची होती. हस्तिदंताच्या आडव्या छेदात, म्हणजे मुठीच्या टोकाशी, भिंगातून पाहिले की एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची बारीक जाळी दिसते. हाडात ती नसते. तिथे रक्तवाहिन्यांच्या वाटांचे काळपट ठिपके आणि रेघोट्या असतात. मी भिंग लावले. मुठीच्या पृष्ठभागावर फिकट रेषा होत्या, पण त्या वहीवर आखलेल्या ओळींसारख्या एकाच अंतरावर, समांतर धावत होत्या आणि टोकाशी जाळीचा मागमूसही नव्हता. खात्री करून घ्यावी म्हणून मी माझ्या उस्तादांनी शिकवलेल्या जुन्या युक्तीकडे वळलो. स्पिरिटचा दिवा पेटवला आणि दाभण लाल होईपर्यंत त्यावर धरले. अस्सल हस्तिदंताला तापलेले दाभण सहसा काही करत नाही, प्लास्टिक असेल तर वितळते, एवढाच त्या परीक्षेचा अर्थ मला ठाऊक होता.

दाभण उजव्या हातात होते आणि डाव्या अंगठ्याने मी मुठीवरची धूळ पुसत होतो, तेव्हा कापराचा वास आला. ‘पूजेचा असेल,’ काका म्हणाले, ‘डबा जुन्या घरात देवघराखालीच असायचा.’ मीही क्षणभर ते मान्य केले. मग लक्षात आले की कापूर वड्यांच्या डबीतूनसुद्धा उडून जातो, तो वर्षापूर्वीच्या आरतीनंतर फडक्यात कसा टिकेल? मी अंगठा पुन्हा जोराने घासला, मूठ किंचित गरम झाली आणि वास वाढला. वास मुठीतूनच येत होता. मी दाभण पाण्यात बुडवले, दिवा विझवला आणि दिवा, काडेपेटी दोन्ही बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. माझ्या हाताला कंप होता हे मी लपवत नाही.

ती मूठ सेल्युलॉइडची होती. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना हा पदार्थ बाजारात आणला. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेले कापसाचे तंतू आणि कापूर यांच्यापासून तो बनतो. त्याला कोणताही रंग देता येतो, शिंपल्याची, कासवाच्या पाठीची किंवा हस्तिदंताची हुबेहूब नक्कल करता येते. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चाकूंच्या मुठींवर त्याचे राज्य होते. मूकपटांच्या काळातील फिल्म याच घराण्यातली आणि ती कशी भडकत असे हे चित्रपटगृहांच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्या दाभणाने मूठ माझ्या हातातच पेटली असती. नंतर नळाजवळ मी तिचा तांदळाएवढा कण चिमट्यात धरून काडी लावली. तो पिवळ्या ज्योतीने भस्सकन जळून गेला आणि राख जवळजवळ उरलीच नाही. माझ्या मदतनिसाने हे पाहिले आणि मान खाली घालून सांगितले की काकांशी माझे बोलणे चालू असताना तो हीच मूठ बेल्ट ग्राइंडरवर उजळायला नेणार होता. पोलादाच्या ठिणग्या आणि सेल्युलॉइडची भुकटी एकत्र आली असती तर काय झाले असते, यावर आम्ही दोघेही अधिक बोललो नाही.

गंजाचे कोडे मात्र आता आपोआप सुटले. मी काकांना सगळे चाकू डब्यात होते त्याच क्रमाने मांडायला सांगितले आणि त्यांना दरवर्षीचा क्रम तोंडपाठ होता. गंजलेले पाच चाकू म्हणजे पांढऱ्या मुठीचा तो चाकू आणि त्याचे चार शेजारी. स्वच्छ राहिलेले सहा डब्याच्या दुसऱ्या बाजूला होते. सेल्युलॉइड म्हातारे झाले की त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचे वायू सुटू लागतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि तेच आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडचा ऱ्हास आणखी वेगाने करते. म्हणून पन्नास-साठ वर्षे गुण्यागोविंदाने राहिलेली मूठ एखाद्या वर्षी अचानक उलटते. काकांनी त्याच्या आदल्या वर्षी घर बदलले होते आणि डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर, गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर ठेवला होता. खालून ऊब, त्यात पावसाळ्याचा ओलावा आणि भरीला घट्ट झाकण. तेलात काहीच खोट नव्हती.

मी पिना कानशीने घासून मुठीच्या दोन्ही पट्ट्या सोडवल्या. बाहेरून त्या गुळगुळीत होत्या, पण आतल्या बाजूला खडीसाखरेसारख्या चौकोनी तड्यांनी भरल्या होत्या आणि बोटाच्या दाबाने तुकडे पडत होते. त्यांच्याखालचे पितळी अस्तर हिरवेगार झाले होते. पाते मिटून ज्या खाचेत बसायचे, तिथे त्याच्या धारेचा मधला भाग उंदराने कुरतडल्यासारखा खाल्लेला होता. इतर चार पाती मी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, बारीक दगडावर घेतली. तीन सुधारली, चौथ्याचे खड्डे राहिले. पट्ट्यांचे तुकडे पाण्याने भरलेल्या डब्यात टाकून गाळ्याबाहेर ठेवले.

डब्यात लाल मुठीचा स्विस चाकूही होता. काकांनी तो घाईघाईने बाजूला काढला आणि ‘हाही असाच का?’ म्हणून विचारले. त्याची मूठही सेल्युलोजची, म्हणजे कापसाच्या तंतूंतल्याच द्रव्याची, पण ॲसिटेट ब्युटिरेट या वेगळ्या जातीची असते. तिच्यात सेल्युलॉइडसारखे नायट्रिक आम्लापासून आलेले नायट्रेट नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना तिच्यापासून हा धोका नाही. हे ऐकून त्यांनी तो पुन्हा ओळीत ठेवला.

नव्या मुठीसाठी मी तीन तुकडे समोर मांडले. म्हशीचे शिंग मी स्वतःच बाद केले, कारण सकाळचे तडकलेले कडे अजून टेबलावर होते. राजस्थानातून येणारे उंटाचे हाड पांढरेशुभ्र दिसते, पण त्यावर डाग चढतात आणि घासताना मास्क न लावल्यास छातीत भरते. तिसरा तुकडा कागदी मायकार्टाचा होता. पांढऱ्या कागदाचे थर राळेत भिजवून, दाबून आणि तापवून तो बनवतात. सुरुवातीला तो फिकट असतो आणि हाताळून हाताळून पिवळा होत जातो. जुन्या चाकूवर नवी पांढरीफटक मूठ मला खोट्या दातासारखी वाटते, म्हणून मी त्याच्याच बाजूने बोललो. काकांनी तो तुकडा नाकाला लावला, बराच वेळ हुंगला आणि ‘हा चालेल’ म्हणाले.

त्यांनी चाकू दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी नेले. पत्र्याचा डबा घेतला नाही. त्याऐवजी माझ्याकडचा उघडा सागवानी ट्रे नेला. आठवड्याने त्यांचा फोन आला. वडिलांची हार्मोनियम अनेक वर्षे गवसणीत बंद होती, ती त्यांनी उघडली होती. पांढऱ्या पट्ट्यांवर अंगठा घासला तर तोच वास येतो आणि आतल्या पितळी सुरांवर हिरवे डाग दिसतात, असे ते सांगत होते. गवसणी काढून ठेवा, पेटी हवेशीर जागी, देवघरातल्या निरांजनापासून लांब सरकवा आणि मी येईपर्यंत पट्ट्या पुसूही नका, असे मी त्यांना सांगितले आणि रविवारची वेळ ठरवली.