एक कप पार्सली म्हणजे नक्की किती ग्रॅम?

दोघांसाठीची पाककृती वीस जणांसाठी करायची होती. कप-चमच्यांत एवढं मोजण्यापेक्षा सगळं ग्रॅममध्ये करून घ्यावं म्हटलं. पीठ, साखर, तेल दहा मिनिटांत उरकलं. ताज्या हर्ब्जपाशी मात्र अख्खी संध्याकाळ अडकले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

एका तक्त्यात पार्सली 1 कप म्हणजे 60 ग्रॅम आणि कोथिंबीर पाव कप म्हणजे 4 ग्रॅम, म्हणजे कपाला 16. शेजारी ठेवली तर पटकन वेगळी ओळखू येत नाहीत अशी ही पानं, मग वजनात जवळपास चौपट फरक कसा? गुणाकार तीनदा तपासला. दुसरा तक्ता उघडला, तर त्यात तिसराच आकडा.

शेवटी पार्सलीची जुडी घेऊन काट्यापुढे बसले. पानं खुडून कपात अलगद टाकली, काठोकाठ: 15 ग्रॅम. तळहाताने दाबली तर कप अर्ध्यावर आला. पुन्हा दाबून भरला, 32. मग बारीक चिरून भरली, 56! तेव्हा कुठे तक्त्यातल्या पार्सलीपुढचा 'चिरलेली' हा शब्द डोळ्यांत भरला. कोथिंबिरीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. अख्ख्या पानांच्या कपात पानांपेक्षा हवाच जास्त असते. ती किती धरली हे न सांगता नुसता आकडा देणं मला अजिबात पटत नाही.

त्यात काट्यानेही छळलं. शून्यावर आणून एकेक पान टाकत गेले, तर आकडा हलेचना. बरेच काटे शून्याजवळ पडणारं असं थोडं थोडं वजन धरतच नाहीत. पानं एकदम मूठभर टाका, किंवा काटा शून्य न करता भांड्यासकट वजन घेऊन भांड्याचं वजा करा.

हे आधी सांगायला हवं होतं: धुतलेली पानं फडक्यावर पूर्ण कोरडी करूनच तोला. माझी अगदी पहिली दोन वजनं (ती वर दिलेली नाहीत) पाण्यामुळेच चुकली. आणि पाककृतीतला शब्दक्रम नीट वाचा. '1 कप चिरलेली पार्सली' म्हणजे चिरून मोजायची. '1 कप पार्सली, चिरून' म्हणजे आधी मोजायची, मग चिरायची. माझ्या आकड्यांनी हा फरक साडेतीन पटींहून जास्त होतो. कपही सगळीकडे सारखा नसतो, कुठे 237 मिली तर कुठे 250, पण हर्ब्जमध्ये एवढ्याशाने बिघडत नाही. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा मात्र 15 ऐवजी 20 मिलीचा असतो, तो लक्षात ठेवा.

माझ्या पाककृतीत 'अर्धा कप बारीक चिरलेली' होतं, म्हणजे 28 ग्रॅम. दहापट केलं आणि वहीत लिहिलं: पार्सली, देठ काढून, कोरडी, 280 ग्रॅम. कपाचा उल्लेख खोडून टाकला.