सात वर्षांचं जपानी

आज शेजारच्या नव्वदीच्या आजींना घेऊन सॅन होजेच्या जपानटाउनात मोची (तांदळाची जपानी मिठाई) आणायला गेले. आई-वडील जपानहून आलेले, आजी इथे अमेरिकेतच जन्मलेल्या. अशांना 'निसेई' म्हणतात. दुकानात एक जपानी पर्यटक बाई बोलायला आल्या, तर आजी एकदम गप्प. मागाहून हसत म्हणाल्या, "माझं जपानी सात वर्षांच्या पोरीचं आहे गं."

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत होती, तेव्हा सरकारने इथल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. १९४२ साली सातव्या वर्षीच आजींनाही हार्ट माउंटनच्या छावणीत डांबलं होतं. बाहेर काटेरी कुंपण, आणि शाळेत रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्यापुढे शपथ! (कमाल आहे ना?) जेवण सामुदायिक खानावळीत. ही मैत्रिणींबरोबर बसायची, आई दुसऱ्या टोकाला. सुटून आल्यावर आई जपानीत विचारायची, ही इंग्रजीत उत्तर द्यायची.

घरी आले. लेकीला विचारलं, "जेवलीस का गं?"

"येस आई, आय एट."

मोचीचा डबा तिच्यापुढे सरकवला.