घराच्या जुन्या कागदावरची ओळ

अमेरिकेत, मिनिआपोलिसमध्ये आम्ही घर शोधायला लागलो, तेव्हा ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींचा सल्ला एकच होता, "काहीही करा, नॉर्थला घर घेऊ नका." नॉर्थ म्हणजे शहराचा उत्तर भाग. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिथल्या शाळांचं रेटिंग पाहिलं, दहापैकी दोन-तीन. विषय तिथेच मिटला. शहराच्या दक्षिणेला, मिनेहाहा क्रीकपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर चाळिसाच्या दशकातलं एक टुमदार घर मिळालं. पुढे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मीही तेच सांगत राहिले, नॉर्थ नको.

माझं मत पक्कं होतं. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, राबलो आणि उभे राहिलो. मग "त्या लोकांना", म्हणजे नॉर्थमधल्या कृष्णवर्णीयांना, कुणी अडवलंय? २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारलं. ती जागा आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. रात्री धुराचा वास खिडकीतून आत येत होता. तरीही फोनवर आईशी बोलताना माझ्या तोंडून निघालं, "वाईट झालं गं, पण..." त्या "पण"च्या पुढे मी काय बोलले ते इथे लिहवत नाही.

आई काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मात्र डोक्यातून जाईना. त्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या घरांच्या इतिहासावर वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच. शेजारी वही ठेवली होती आणि पहिल्याच पानावर प्रश्न लिहिला होता, "मग आपण कसे वर आलो?"

तीसच्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा आणि लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर सर्रास लाल रंग फासला गेला. तिथल्या घरांना स्वस्त सरकारी हमीचं कर्ज मिळणं जवळजवळ अशक्य झालं. दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनाही, कायद्याने हक्क असून, बँका दारातून परत पाठवत. इथे मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. आजोबांनी स्वस्तात घेतलेल्या घरावर नात कॉलेजला जाते. ज्यांच्या आजोबांना घरच घेऊ दिलं नाही, त्यांच्या नातवंडांना मी विचारत होते की तुम्ही मागे का.

मी रोज आय-९४ महामार्गावरून शेजारच्या सेंट पॉल शहरात कामाला जायचे. तो रस्ता पन्नास-साठच्या दशकांत रॉन्डो नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मधून काढला. शेकडो घरं पाडली. २०१५ मध्ये सेंट पॉलच्या महापौरांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. इतकी वर्षं मी त्याच जागेवरून गाणी ऐकत गेले.

मिनेसोटा विद्यापीठाचा मॅपिंग प्रेज्युडिस नावाचा प्रकल्प आहे. शहरातल्या कुठल्या घरांच्या जुन्या खरेदीखतांत वंशाची अट होती, ते त्यांनी नकाशावर दाखवलंय. मी आमचा पत्ता शोधला. आमचं घर त्यात होतं. मग जुन्या दस्ताची प्रत मागवली. टाइप केलेला मजकूर, काही अक्षरं फिकट झालेली. त्यात लिहिलं होतं की कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणालाही ही मालमत्ता विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. पुढे एक सवलत होती, घरकामाला ठेवलेले नोकर चालतील.

स्वयंपाकघरात उभ्याने मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. राबायला चालतात, शेजारी नकोत. ती ओळ मला परकी वाटली नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

अशा अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं. घरांच्या बाबतीतला भेदभाव देशभर बेकायदा ठरला तो १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

वहीतल्या प्रश्नाचं उत्तरही याच वाचनात मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा नागरिक व्हायला गोरं किंवा आफ्रिकी वंशाचं असावं लागे. त्यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद असा की उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणून गोराच. आणि लग्नसंबंधांच्या बाबतीत तो भारतातल्या आदिवासींकडे तसाच बघतो, जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे. १९२३ मध्ये ते हरले. पण हरण्यापेक्षा तो युक्तिवाद मला जास्त लागला. दुसऱ्याला खाली दाखवून दार उघडेल, ही आशा माझ्या ओळखीची होती.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, पण वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा. खरं दार उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. कृष्णवर्णीयांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन जी चळवळ चालवली, तिच्या रेट्यातून तो आला. मी २००८ मध्ये एच-वनवर आले, ती त्या दारातून.

शेवटी कपाटातून "गुलामगिरी" काढलं. कॉलेजात वाचलं होतं, पण अर्पणपत्रिका ओलांडून. १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झिजलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवताना आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा लिहिली आहे. पुण्यात बसून त्यांनी जे एकाच पानावर मांडलं, ते मला इथे बारा वर्षं राहूनही दिसलं नव्हतं.

मिनेसोटात २०१९ पासून घरमालकाला खरेदीखतातली ती वंशाची अट रद्द करून घेता येते. आम्ही अर्ज केला. जुनी ओळ खोडली जात नाही, ती अट नाकारणारं आमचं पत्र दप्तरी नोंदलं जातं. नवऱ्याला वाटलं होतं पुसूनच टाकतील. मला मात्र ती राहिली हे बरं वाटलं.

गेल्या मार्चमध्ये ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. नुकतंच लग्न झालेलं, दोघं इथे येणार होते. "ताई, नॉर्थमध्ये एक अपार्टमेंट बजेटमध्ये बसतंय. सगळे नको म्हणतायत. तुम्ही काय म्हणता?"

सवयीने जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. मग त्याला खरं ते सांगितलं, की इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही पायी फिरलेली नाही. शनिवारी मी आणि नवरा जाऊन ती इमारत पाहून आलो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी अर्धा तास बोलत ठेवलं. हीटर कुठल्या खोलीत नीट चालत नाही, बस किती वेळाने येते, वरच्या मजल्यावर कोण कोण राहतं. निघताना त्यांनी विचारलं, "नवीन मुलं कधी येणार?"