आमची वाटचाल: हौद, पंजा आणि आमच्या मावश्या

सोसायटीच्या आवारात ओला कचरा जिरवून देणं हा आमचा धंदा. त्याआधीपासून माझी पुण्यात कर्वेनगरला रोपवाटिका होती. विकत आणलेल्या खतात काचा आणि ब्लेडचे तुकडे निघायचे. शेवटी वैतागून 2009 मध्ये शेजारच्या एका सोसायटीचे, ओला कचरा कुजवून खत करायचे बंद पडलेले हौद मीच चालवायला घेतले. बिल्डरने परवानगीपुरते बांधून दिलेले जाळीच्या विटांचे हौद पुण्यात तेव्हा कितीतरी सोसायट्यांत होते. ते चालवणारं माणूस मात्र कुठेच नव्हतं.

मला माणूस मिळालं, त्यामागे या शहरात आधी झालेलं मोठं काम आहे. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढावांसारखी माणसं कचरावेचक बायकांच्या पाठीशी होती. त्यांना ओळखपत्रं मिळाली. पुढे 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला आणि कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाईला दारात कचरा मिळू लागला, शिवाय घरटी शुल्कही. आमच्या पहिल्या मावशी अशाच कचरावेचकांच्या वस्तीतल्या. त्यांच्या जावा ‘स्वच्छ’च्या कामाला लागल्या, पण मावशींचे गुडघे जिने चढू देईनात. “ताई, खाली बसून करायचं काम असंल तर सांगा,” म्हणाल्या. हौदाचं काम खालीच असतं.

मी कृषी पदविकाधारक. पुस्तकात ओलावा 50 ते 60 टक्के, तापमान 55 अंशांच्या वर, असं सगळं होतं. मावशींनी ते सगळं दोन हातांत आणि एका सळईत बसवलं. मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांतून धार लागली तर त्यात मिसळलेला वाळका पाला कमी पडलाय, एक-दोन थेंबच आले तर ठीक. लोखंडी सळई ढिगात मधोमध खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने काढून धरायची. धरवत नसेल तर आत काम चालू आहे. आमच्याकडे आता थर्मामीटर आहेत, पण सळई प्रत्येक साइटवर अजून असतेच.

पंजाचंही सांगते. बाजारात मिळणारा पंजा पुरुषाच्या उंचीचा असतो, त्याने माल उलटला की बाईची कंबर जाते. आम्ही बोहरी आळीतून चार दात्यांची पाती आणतो आणि दांडा त्या-त्या मावशीच्या छातीपर्यंत मोजून बसवून घेतो. प्रत्येकीचा पंजा वेगळा, दांड्यावर तिची खूण, दुसरीने उचलायचा नाही. हातमोजेही लहान मापाचे. नवीन मुलं हे काम सुरू करतात तेव्हा पहिला खर्च लोगोवर करतात. तो खर्च आधी पंजा आणि मोज्यांवर करा.

आता 2017 चं. उन्हाळ्यात पुण्याच्या उरुळी-फुरसुंगीतल्या कचरा डेपोला आग लागली, तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. त्यांचं बरोबरच होतं, वर्षानुवर्षं शहराची घाण त्यांच्या विहिरींत उतरत होती. गल्लोगल्ली कचरा साचला. आदल्याच वर्षी घनकचऱ्याचे नवे नियम आले होते: दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी आली होती, मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. आमचा फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. मला वाटलं, आता आमच्या बायकांचे दिवस आले.

आले ते यंत्रवाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. टाय घातलेला मुलगा यायचा, प्रोजेक्टरवर स्टीलचा ड्रम दाखवायचा: सकाळी कचरा टाका, 24 तासांत खत काढा, वास नाही, आळ्या नाहीत, आणि हे वाक्य मी स्वतः एका सभेत बसून ऐकलंय, “बायांची कटकट नाही.” त्या एका हंगामात आमच्या निम्म्याहून जास्त सोसायट्या गेल्या. हौद फोडून तिथे शेड घातल्या, थ्री-फेजची लाइन ओढली. कामाविना बसलेल्या मावश्यांना मी रोपवाटिकेत पिशव्या भरायला लावलं, पतसंस्थेचं कर्ज काढून पगार दिले. दोघी पुन्हा भंगार वेचायला गेल्या. ते आजही माझ्या मनातून जात नाही.

आणि ते खत तरी होतं का? कचरा तापवून, दळून, वाळवलेला भुगा होता तो. कुजण्याची क्रिया झालेलीच नसते. ओला केला की पुन्हा कुजायला लागतो.

हे सिद्ध केलं आमच्या पहिल्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी. निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कमिटीत यंत्राचा ठराव आला तेव्हा त्यांनी शेजारच्या सोसायटीतून यंत्राचा भुगा मागवला आणि आमच्या हौदातलं चाळलेलं खत घेतलं. दोन कुंड्या, दोन्हींत सारखंच पाणी, सारखीच मेथी. वार्षिक सभेत त्यांनी दोन्ही कुंड्या टेबलावर मांडल्या. एकीत हिरवीगार मेथी. दुसरीत बुरशी, आणि असा वास की पहिल्या रांगेतल्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. मग त्यांनी मावशींना पुढे बोलावलं आणि सांगितलं, “यांना विचारा काय विचारायचं ते.” मावशींनी न अडखळता उत्तरं दिली. ठराव बारगळला. त्या सोसायटीचा करार एकदाही तुटलेला नाही.

पावसाळ्यानंतर इतरांचेही फोन येऊ लागले. यंत्राचं पातं नारळाच्या शेंडीत अडकलेलं, विजेचं बिल बघून सभासद भांडायला उठलेले, भुग्याची पोती पार्किंगमध्ये गरम होऊन वास मारत होती. आम्ही परत गेलो, हौद पुन्हा बांधले. वेचायला गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. पुढची वर्षं, टाळेबंदी धरून, ठीक गेली.

मोठ्या कामांच्या निविदा मात्र अजून आमच्यासाठी बंदच आहेत. एका सरकारी आस्थापनेच्या निविदेत कोट्यवधींची उलाढाल मागितली होती, यंत्रांची संख्या मागितली होती. काम करणाऱ्या बायका किती, त्यांना पगार काय, कामगार विमा (ईएसआयसी) आहे का, हा रकानाच नव्हता. 2016 च्या नियमांतच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं लिहिलेलं होतं. मग गुण त्यालाही द्या! ज्या शहराने ‘स्वच्छ’शी करार करून दाखवला, तिथल्या अधिकाऱ्यांना हे जमण्यासारखं आहे.

सोसायट्यांनाही सांगते. मिळकतकरात 5 टक्के सवलत मिळते म्हणून खताचा हौद करू नका, तो चालवणाऱ्या बाईचा पगार बजेटमध्ये धरून करा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ओल्यात टाकू नका. वाळलेला पाला जाळू नका, आम्हाला द्या, पोत्याचे पैसे देऊ. पर्जन्यवृक्षाचा बारीक पाला सगळ्यात चांगला. बदामाची पानं मोडून टाकावी लागतात. आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा, त्या हौदात वर्ष काढतात.

यंदापासून आमच्या प्रत्येक करारात एक कलम आहे: मुदतीच्या मध्येच यंत्र बसवायचं ठरलं, तर त्या साइटवरच्या मावशीचा तीन महिन्यांचा पगार सोसायटीने आधी जमा करायचा. दोन सोसायट्यांनी त्यावरून करार नाकारला. बाकीच्यांनी सह्या केल्या, आणि सेक्रेटरी काकांनी सगळ्यात पहिली.