तुम्ही विचारलंत म्हणून: नेट नसताना मोबाइलवर टीव्ही दिसेल का?

"बाय, नेट नसलां तरी मोबाइलार टीव्ही दिसतलो काय गो?"

देवगडला गेले की भाऊकाका हे विचारतातच. ते तांडेल, उभा जन्म होडीवर गेलेला. चुलत भावंडं विचारतात, शेजारचे गुरुजी विचारतात. पुण्यात काही वर्षं मी मोबाइल टीव्हीच्या रिसीव्हरचं सॉफ्टवेअर लिहीत होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी मी "हो, दिसू शकतो" एवढंच सांगून चहाचा कप उचलायचे.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. आमच्या वाडीत पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि टॉवरची बॅटरी संपल्यावर रेंजही गेली. माणसं संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, चढून फोन डोक्यावर धरून उभी राहायची. त्यांना मालिका बघायची नव्हती. वादळ गेलं कुठे आणि मागून अजून काही येतंय का, एवढंच हवं होतं. त्यानंतर हा प्रश्न मला करमणुकीचा वाटेनासा झाला, म्हणून आज नीट उत्तर देते.

फोनवर आपण व्हिडिओ बघतो तेव्हा प्रत्येकाचा धागा वेगळा असतो. फोन मागतो, सर्व्हर देतो, फोन पोच देतो. पोच आली नाही की तोच तुकडा पुन्हा येतो. वाडीतल्या पन्नास जणांनी एकच सामना लावला तरी टॉवर तोच सामना पन्नास वेळा पाठवतो. प्रसारणाचं तसं नाही. प्रक्षेपकाला कोण ऐकतंय हे कळतच नाही. एकाने ऐकलं काय, लाखाने ऐकलं काय, त्याचा खर्च तेवढाच. मात्र ऐकणाऱ्याला वर काही बोलता येत नाही. "मघाचं कळलं नाही, परत सांगा" म्हणायची सोय नाही. मोबाइल टीव्हीचे सगळे प्रोटोकॉल, म्हणजे पाठवण्या-घेण्याचे नियम, या एका मुकेपणातून जन्मले आहेत, आणि म्हणूनच ते मला इतके आवडतात.

डीव्हीबी-एच हे मोबाइल टीव्हीचं मानक २००४ चं. त्यात इंटरनेटचीच पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, टीव्हीच्या लहरींवर बसवली होती. पोच नाही, तर हरवलेलं भरून कसं काढायचं? त्यासाठी २५५ स्तंभांचा एक तक्ता. पहिल्या १९१ स्तंभांत पॅकेट उभी भरत जायची. मग प्रत्येक ओळीवर आडवं गणित करून उरलेले ६४ स्तंभ भरायचे. एसटी घाटाच्या वळणावर गेली, सिग्नल क्षणभर तुटला, तर उभं भरलेलं पॅकेट जातं. पण प्रत्येक ओळीतून जातं ते थोडंथोडंच. कुठली जागा रिकामी राहिली हे माहीत असलं, तर एका ओळीतल्या ६४ जागांपर्यंतचं नुकसान फोन स्वतःच भरून काढतो, कोणालाही न विचारता. हे पहिल्यांदा चालताना पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बॅटरी वाचवायची युक्ती तर भाऊकाकांना आधीपासूनच येते. दीपगृहाचा झोत सतत डोळ्यांवर नसतो. चमकतो, जातो, ठरलेल्या सेकंदांनी परत येतो, आणि त्या ठेक्यावरूनच तांडेल ओळखतो हे कुठलं दीपगृह. डीव्हीबी-एचमध्येही एका वाहिनीचा मजकूर झोताझोतानं येतो. प्रत्येक झोतात "पुढचा झोत इतक्या वेळानं" असं लिहिलेलं असतं. घड्याळातली वेळ नाही, फक्त मधलं अंतर. त्यामुळे फोनचं आणि प्रक्षेपकाचं घड्याळ जुळवत बसावं लागत नाही. तेवढा वेळ रिसीव्हर बंद ठेवायचा, वेळेवर जागं करायचं.

कार्यक्रमपत्रिका किंवा एखादी फाइल पाठवायची तर फ्लूट नावाचा प्रोटोकॉल. तो दवंडीसारखा फिरतो. त्याच फाइली, त्यांची यादी, पुन्हा पुन्हा. उशिरा आलेल्याला पुढच्या फेरीत मिळतं.

आता नेटवर्क इंटरफेसचं, कारण माझं काम तिथेच होतं. वायफाय हा फोनचा एक दरवाजा, सिमकार्डाचं नेट हा दुसरा. प्रसारणाचा रिसीव्हर हा तिसरा, पण त्यातून फक्त आत येता येतं. एरवी एखाद्या अ‍ॅपनं समूहासाठीचा पत्ता, म्हणजे अनेकांनी मिळून ऐकायचा एकच प्रवाह, मागितला की तो अर्ज राउटरकडे जातो. इथे वर जायला वाटच नाही. मग अर्ज फोनमध्येच अडवायचा, लहरींसोबत येणाऱ्या तक्त्यात तो पत्ता कोणत्या प्रवाहात आहे हे शोधायचं आणि ट्यूनर तिकडे वळवायचा. वरच्या अ‍ॅपला हे कळतही नाही. त्याला वाटतं नेहमीचंच नेट चालू आहे.

मग हे आलं का नाही? आलं होतं. कोरियात २००५ च्या डिसेंबरात, जपानमध्ये १ एप्रिल २००६ ला. जपाननं टीव्ही वाहिनीचे १३ भाग पाडले आणि एक भाग फोनसाठी ठेवला; घरचा टीव्ही आणि फोन एकाच प्रक्षेपकावर. ते टिकलं. अमेरिकेत क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीनं मीडियाफ्लो या आपल्या मोबाइल टीव्हीसाठी वेगळं जाळं उभारलं, वर बघणाऱ्यांकडून पैसे घेतले. २०११ च्या मार्चमध्ये ते बंद पडलं. आपल्याकडे दूरदर्शननं २००७ मध्ये दिल्लीत डीव्हीबी-एच करून पाहिलं. २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या नंतरच्या मानकावर प्रसारण सुरू केलं, पण त्यासाठी फोनला डोंगल, म्हणजे बाहेरून जोडायचा छोटा रिसीव्हर, लावावा लागे. माझ्या मते सगळं अडलं ते इथेच. फोनमध्ये चिप आधीच नसेल तर लोक वेगळी वस्तू विकत घेत नाहीत, आणि बघणारे नाहीत म्हणून फोनवाले चिप घालत नाहीत.

आता पुन्हा हालचाल आहे, 'डायरेक्ट टू मोबाइल' या नावानं, एटीएससी ३.० या टीव्ही प्रसारणाच्या नव्या मानकावर. आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती त्यात आहेत. जानेवारी २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण सचिवांनी १९ शहरांत चाचणी आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखण्याबद्दल सांगितलं होतं. शहरं ठीकच, पण गरज आमच्याकडे जास्त आहे. घरं घळीत, मध्ये डोंगर. छपरावरचा अँटेना साधारण १० मीटरवर धरून टीव्हीचा आराखडा करतात; फोन असतो माणसाच्या हातात, दीड मीटरवर, तोही बऱ्याचदा चिऱ्याच्या भिंतीआड. एकच उंच मनोरा इथे पुरणार नाही. एकाच लहरीवर चालणारे लहान प्रक्षेपक सड्यासड्यावर लागतील. एकच मजकूर एकाच वेळी पाठवला तर ते एकमेकांना मारत नाहीत, साथ देतात. आणि प्रत्येकाला डिझेल जनरेटर हवाच, नाहीतर पुढच्या वादळात तेही टॉवरच्या वाटेनं जातील.

तर भाऊकाका, आज तुमच्या हातातल्या फोनवर नाही दिसायचा. त्यात तो कान नाही.

पण या नव्या मानकात एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. प्रत्येक प्रसारणाच्या तोंडाशी एक अगदी चिवट संकेत असतो; चित्र दिसणार नाही इतक्या क्षीण सिग्नलमध्येही तो वाचता येतो. त्यात दोन बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढंच सांगणाऱ्या दोन खुणा, संकटासाठी राखलेले आहेत. झोपलेल्या रिसीव्हरनं तेवढेच दोन बिट बघत राहायचे आणि ते बदलले की जागं व्हायचं. चाचणी कधी आमच्या बाजूला आली, तर मी रिसीव्हर घेऊन आधी आमच्या वाडीतल्या सर्वांत खालच्या घरात जाणार आहे. माजघरात, दार लावून, पावसात, ते दोन बिट पोचतात का ते मोजायचंय.